स्नायू आखडतो ते कळलं, पण तो सुटतो कसा?

निरभ्र
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. हात वाकवून बेटकुळी काढली की दंड टणक होतो, फुगल्यासारखा दिसतो. शाळेत एवढंच शिकलो की स्नायू आकुंचन पावतो आणि हाडाला खेचतो, पुढे कोणी काही सांगितलं नाही. पण आकसतं नक्की काय? पेशीच लहान होते, की आत काही गुंडाळलं जातं? आणि फुगतो तो कशाने, रक्त भरतं का?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. मूठ सोडली की तोच स्नायू परत मऊ पडतो, ते आपोआप होतं का? की तिथेही शरीराला काही करावं लागतं? जाणकारांनी सविस्तर लिहा, कितीही मोठं लिहिलंत तरी वाचणार आहे.

चौकस
चांगला विषय. मला तरी वाटतं रक्तच भरत असणार, जिममध्ये दोन-तीन सेट झाले की दंड कसे भरून येतात बघा. आणि सैल होण्यात काय एवढं, मेंदूने सिग्नल बंद केला की विषय संपला. वाचतोय.

पेशीपुराण
@निरभ्र, मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. तुमचा दुसरा प्रश्न पहिल्याहून भारी आहे, त्यावर येतेच, पण पहिल्याशिवाय तो कळणार नाही.

@चौकस, सेट झाल्यावर दंड भरून येतात ते रक्त आणि पाणी जास्त आल्याने, हे बरोबर, पण त्याला वेळ लागतो. बेटकुळी एका क्षणात येते. तेव्हा स्नायूचं आकारमान वाढत नाही, लांबी घटते म्हणून जाडी वाढते, बस. हे सतराव्या शतकात यान स्वामरडाम या डच अभ्यासकाने दाखवलं. त्या काळी समजूत अशी होती की मेंदूतून मज्जातंतूंमार्गे कसलंसं चैतन्य स्नायूत उतरतं आणि तो फुगतो. स्वामरडाम यांनी बेडकाचा स्नायू काचेच्या बंद नळीत ठेवला, नळीच्या निमुळत्या टोकात पाण्याचा एक थेंब अडकवला आणि मज्जातंतूला डिवचलं. स्नायू आखडला पण थेंब वर चढला नाही. बाहेरून काही आत शिरत असतं तर थेंब वर ढकलला गेलाच असता. इतका साधा प्रयोग आणि शेकडो वर्षांची समजूत त्याने हलवली, मला तो फार आवडतो.

आता आत काय होतं ते. स्नायूचा एक धागा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्यावर गडद आणि फिके पट्टे दिसतात, एकाआड एक. या पट्ट्यांचा एक कप्पा म्हणजे सार्कोमिअर, सैल असताना साधारण २.२ मायक्रोमीटर लांब. त्यात मधोमध मायोसिन या प्रथिनाचे जाड तंतू असतात आणि दोन्ही टोकांकडून ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचे बारीक तंतू त्यांच्यामध्ये शिरलेले असतात. दोन्ही हातांची बोटं समोरासमोर धरून एकमेकांच्या फटींत सरकवून बघा, बोटं आहेत तेवढीच राहतात पण कोपरं जवळ येतात. नेमकं हेच. काही गुंडाळलं जात नाही की आटत नाही, तंतू एकमेकांवरून सरकतात.

मे १९५४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध शेजारी शेजारी आले, एक ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा, दुसरा अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ निडरगेर्के यांचा. (दोन्ही हक्सली एकमेकांचे कोणी लागत नाहीत, बऱ्याच जणांना ते भाऊ वाटतात.) दोघांनाही दिसलं ते एकच, स्नायू आखडताना गडद पट्टा तेवढाच राहतो आणि फिका पट्टा अरुंद होत जातो. गडद पट्टा म्हणजे मायोसिनची लांबी. ती बदलत नाही, म्हणजे सरकणंच होतंय.

सरकवतं कोण? मायोसिनच्या तंतूवर बाहेर डोकावणारी डोकी असतात, एका तंतूवर साधारण तीनशे. प्रत्येक डोकं ॲक्टिनला पकडतं, मान वाकवून १० नॅनोमीटरपेक्षाही कमी ओढतं, सोडतं, परत पुढे पकडतं. एका डोक्याचा जोर नगण्य. पण एक सेंटिमीटर धाग्यात असे साडेचार हजार कप्पे एकापुढे एक असतात, प्रत्येक अर्धा मायक्रोमीटर आकसला तरी तो एक सेंटिमीटर सव्वादोन मिलिमीटरने कमी झाला.

पुढचा भाग रात्री लिहिते, तोच महत्त्वाचा आहे.

पाऊलवाट
वा, बोटांचं करून बघितलं. मी नियमित धावतो म्हणून मला एक विचारायचंय, चढ चढताना दम लागतो पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतार उतरल्यामुळे, हे अनुभवाने माहितीये. पण उतरताना तर कमी कष्ट पडतात ना, मग दुखणं जास्त का? लॅक्टिक ॲसिड साठतं म्हणून म्हणतात ते खरं का?

फिजिओताई
@पाऊलवाट, लॅक्टिक ॲसिडवर ढकलणं सोडून द्या. व्यायामाने वाढलेलं लॅक्टेट तास-दीड तासात खाली येतं, आणि हे दुखणं चढतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. वेळच जुळत नाही.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू जोर लावत असतो आणि त्याच वेळी शरीराचं वजन त्याला लांब करत असतं. डोक्यांनी ॲक्टिन घट्ट धरलेलं असताना तंतू उलट्या दिशेने ओढले जातात. अशा वेळी स्नायू उलट जास्त बळ पेलतो, आणि ऊर्जा मात्र कमी खातो, म्हणून दम लागत नाही. पण काही कप्पे गरजेपेक्षा जास्त ताणले जाऊन विस्कटतात, त्याची दुरुस्ती चालू होते, सूज येते आणि मग जिना उतरताना कळ निघते. थोडं थोडं उतरण्याचा सराव ठेवला की तोच स्नायू पुढच्या वेळी बराच कमी दुखतो, हे मी पेशंटमध्ये कायम बघते.

अजून एक करून बघा सगळे. मनगट सरळ किंवा किंचित मागे ठेवून मूठ घट्ट आवळा. आता मनगट पूर्ण आत वाकवा आणि परत आवळा. जोरच लागत नाही ना? बोटं वळवणारे स्नायू हाताच्या पुढच्या भागात असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून जातात. मनगट आत वाकलं की ते आधीच आखूड झालेले असतात, तंतू एकमेकांत इतके घुसलेले की ओढायला जागा उरत नाही, शिवाय वरच्या बाजूच्या दोऱ्या ताणून बोटांना उघडायला बघतात. स्नायू फार ताणलेला असला तरी जोर कमी पडतो, तेव्हा डोक्यांसमोर ॲक्टिनच नसतं. मधल्या लांबीला सगळ्यात जास्त बळ. १९६६ साली गॉर्डन, हक्सली आणि ज्युलियन यांनी बेडकाच्या एकेका धाग्यावर हे मोजून दाखवलं, सरकत्या तंतूंच्या सिद्धांताला त्याने मोठा आधार मिळाला.

चौकस
मनगटाचं भन्नाट आहे, घरात सगळ्यांना करायला लावलं. पण ताई, सैल होण्याचं राहिलं. माझं अजून तेच म्हणणं, सिग्नल बंद तर काम बंद.

पेशीपुराण
आले. @चौकस, सिग्नल बंद होणं गरजेचं आहे, पण पुरेसं नाही.

आधी सिग्नल काय करतो ते बघू. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन सुटतं, स्नायूच्या आवरणावर विजेची लाट उठते, ती आतपर्यंत जाते आणि पेशीतल्या जाळीदार कोठारातून कॅल्शियम बाहेर पडतं. सैल स्नायूत कॅल्शियम अत्यल्प असतं, ०.१ मायक्रोमोलरच्या आसपास. आता ते दहापट आणि त्याहून वर जातं. ॲक्टिनवर ट्रोपोनिन नावाचं प्रथिन असतं, इबाशी सेत्सुरो यांच्या जपानमधल्या गटाने ते १९६० च्या दशकात शोधलं. कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटलं की मायोसिनची पकडायची जागा उघडी पडते आणि ओढाओढी सुरू.

आता सिग्नल थांबला. पण कॅल्शियम तर बाहेरच आहे! ते तिथे असेपर्यंत जागा उघडी, म्हणजे ओढणं चालूच. ते परत कोठारात भरावं लागतं, तेही कमी कॅल्शियमकडून जास्त कॅल्शियमकडे, म्हणजे चढावर. त्यासाठी पंप असतात, एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) एक रेणू खर्च करून कॅल्शियमचे दोन आयन आत ओढतात. काम करणाऱ्या स्नायूच्या एकूण एटीपीपैकी साधारण एक तृतीयांश या उपसण्यात जातो. जोर लावण्यात नाही, पुन्हा सैल होता यावं यासाठी.

आणि दुसरी गोष्ट, ही तर मला आजही शिकवताना थक्क करते. ॲक्टिनला धरलेलं डोकं सुटतं कधी? त्याला एटीपीचा नवा रेणू येऊन चिकटतो तेव्हा. आपल्याला वाटतं ऊर्जा खेचायला लागते. खेचण्याचं बळ एटीपीच्याच ऊर्जेतून येतं हे खरं, पण डोकं सुटल्यावर त्या एटीपीचे तुकडे होतात, त्यातून ते ताणलेल्या स्थितीत जातं आणि मगच पुन्हा पकडून ओढतं. एटीपी नसेल तर डोकं आहे तिथे अडकून राहतं. सुटूच शकत नाही.

म्हणून @निरभ्र, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, नाही, आपोआप होत नाही. सैल होणं हे शरीराने करायचं काम आहे, आणि त्याची किंमत मोजावी लागते.

दवबिंदू
पेशीपुराण, म्हणजे माणूस गेल्यावर शरीर ताठरतं ते यामुळेच ना? मी नर्स आहे, पाहिलेलं असतं पण कारण असं जोडून कोणी सांगितलं नव्हतं.

पेशीपुराण
@दवबिंदू, अगदी यामुळेच. श्वास थांबला, एटीपी तयार होणं थांबलं. पंप बंद पडतात, कॅल्शियम झिरपतं, डोकी पकडतात आणि सोडायला एटीपी नाही. काही तासांत ताठरपणा सुरू होतो, साधारण बारा तासांच्या आसपास पूर्ण होतो, हवेच्या तापमानाप्रमाणे कमी-जास्त. नंतर एक-दोन दिवसांत जातो तो स्नायू सुटतात म्हणून नाही, प्रथिनं विघटित व्हायला लागतात म्हणून. मृत्यूच्या आधी खूप धावपळ झालेली असेल तर एटीपीचा साठा आधीच संपत आलेला असतो आणि ताठरपणा लवकर येतो.

दवबिंदू
मग ऑपरेशन थिएटरमधली एक गोष्ट लिहिते, इथे बसते आहे. काही लोकांच्या त्या कॅल्शियमच्या कोठाराच्या दारात जन्मतःच दोष असतो. एरवी काही कळत नाही. पण हॅलोथेनसारखी वायुरूप भूल किंवा भुलीच्या वेळी स्नायू सैल करायला वापरतात ते सक्सिनिलकोलीन दिलं की दार उघडं ते उघडंच राहतं. सगळ्या अंगाचे स्नायू एकदम आखडतात, पंप जिवाच्या आकांताने कॅल्शियम उपसत राहतात, एटीपी जळत राहतो आणि ताप झपाट्याने चढतो. मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात. डॅन्ट्रोलीन नावाचं औषध ते दार बंद करायला मदत करतं, म्हणून ते थिएटरमध्ये हाताशी ठेवायचं असतं. घरात कोणाला भुलीच्या वेळी असा त्रास झालेला असेल तर ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा, हा दोष घराण्यात चालत येतो. हे कळकळीने लिहितेय.

निरभ्र
सगळ्यांचे आभार, एकेक प्रतिसाद दोनदा वाचतोय. मग पोटरीत रात्री गोळा येतो तो एटीपी संपल्यामुळे का? आणि एक अजून, स्नायू सैल झाला म्हणजे तो परत लांब होतो का स्वतःहून?

फिजिओताई
गोळ्याचं मी सांगते. नेहमीच्या गोळ्यात एटीपी संपलेला नसतो. मज्जातंतूकडूनच भराभर सिग्नल येत असतात, सुई घालून मोजलं तर विजेचा नुसता गोंगाट दिसतो. म्हणून पाऊल आपल्याकडे ओढून पोटरी ताणली की बहुतेक वेळा सुटतो, ताणामुळे मणक्यातल्या त्या मज्जापेशींना आवर बसतो. मीठ-पाणी कमी पडलं म्हणूनच गोळा येतो असं सरसकट धरू नका, आणि वयस्कर लोकांच्या रात्रीच्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा फारसा उपयोग होत नाही असं चाचण्यांत दिसलेलं आहे.

पण एक वेगळा प्रकार असतो. ब्रायन मॅकआर्डल यांनी १९५१ मध्ये एका पेशंटचं वर्णन केलं, त्याचे स्नायू थोड्या व्यायामाने दुखायचे आणि आखडून बसायचे. या आजारात स्नायूतलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) फोडणारं एन्झाइम नसतं. तिथे सुई घातली तर आखडलेल्या स्नायूत विजेची हालचालच नाही, सगळं शांत. सिग्नल कधीच थांबलाय तरी स्नायू सुटत नाही. @चौकस, तुमच्या 'सिग्नल बंद तर काम बंद'ला यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही.

चौकस
पटलं ताई, पूर्ण पटलं. आता उलट मीच लोकांना सांगत सुटणार.

एक भर घालतो. कोपर टेबलावर न टेकता दोन्ही अंगठे कानात घालून मुठी आवळा, शांत खोलीत. खोल घरघर ऐकू येते आणि जोर वाढवला की वाढते. ही स्नायूंची घरघर आहे म्हणे, विल्यम वोलस्टन यांनी १८१० मध्ये यावर लिहिलंय. कारण काय?

पेशीपुराण
@चौकस, छान आठवण केलीत. आपण मूठ आवळून स्थिर धरली तरी आतले धागे सगळे एकदम ओढत नसतात, गटागटाने, आळीपाळीने झटके देत असतात. एक मज्जापेशी आणि तिच्या ताब्यातले धागे हा एक गट, डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका गटात मोजके धागे, पोटरीत हजाराच्या वर. त्या झटक्यांच्या थरथरीचा आवाज तुम्ही ऐकताय.

@निरभ्र, लांब होण्याबद्दल. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. सैल झाल्यावर त्याला लांब करायला समोरचा स्नायू, वजन किंवा दुसरं काही लागतं. म्हणून दंडाच्या पुढे एक आणि मागे एक अशी जोडी. मात्र कप्प्यात टायटिन नावाचं अवाढव्य प्रथिन असतं, माणसाच्या शरीरातल्या प्रथिनांत सगळ्यात मोठं, तीस हजारांच्या आसपास अमिनो आम्लांची साखळी. फार ताणलं किंवा फार आखूड झालं की ते मूळ लांबीकडे ओढतं. हृदयात त्याचा मोठा उपयोग, ठोका संपला की कप्पा उघडायला ते मदत करतं आणि रक्त आत ओढलं जातं.

हृदयाचा विषय निघालाच आहे तर. हाताच्या स्नायूत सिग्नल काही मिलिसेकंदांचा असतो, एकामागून एक सिग्नल आले की झटके जुळून सलग आखडणं होतं. हृदयात ती लाट दोन-तीनशे मिलिसेकंद टिकते, आणि ती संपत येईपर्यंत दुसरा सिग्नल लागूच पडत नाही. त्यामुळे हृदय आखडून बसू शकत नाही, मध्ये सैल व्हावंच लागतं, नाहीतर भरणार कधी? रक्तपुरवठा कमी पडला की हृदयात पहिल्या ज्या गोष्टी बिघडतात त्यात हे सैल होणं येतं. काहींचं हृदय आखडतं व्यवस्थित, पण नीट सैल होत नाही म्हणून पुरेसं भरत नाही, दम लागतो. सोनोग्राफीत पंपिंग चांगलं आहे म्हणून निश्चिंत राहू नये ते यासाठी.

पाऊलवाट
मग ज्याला भराभर हालचाल करायचीय त्याला भराभर सैलही व्हावं लागत असणार?

पेशीपुराण
@पाऊलवाट, मुद्द्यालाच हात घातलात. रॅटलस्नेकच्या शेपटीचा स्नायू सेकंदाला नव्वदपर्यंत वेळा हलतो, टोडफिश नावाचा मासा ज्या स्नायूने आवाज काढतो तो दोनशेच्या घरात. त्यासाठी तितक्याच वेळा कॅल्शियम बाहेर आणि आत व्हायला हवं. म्हणून त्यांच्या धाग्यांत कॅल्शियमच्या कोठारांना भरपूर जागा, आणि तेवढी ओढणाऱ्या तंतूंना कमी, शिवाय त्यांची डोकी झटपट सोडतात. परिणाम असा की हे स्नायू प्रचंड वेगवान पण अशक्त. जलद सुटायचं तर बळ सोडावं लागतं, दोन्ही एका स्नायूत मिळत नाही.

याच्या बरोबर उलट टोकाला शिंपले. शिंपला मिटून धरणाऱ्या स्नायूत आखडल्यावर कॅल्शियम खाली आलं तरी पकड तशीच राहते, तासन् तास, जवळपास काहीही ऊर्जा न खर्चता. सोडायची वेळ आली की मज्जातंतूतून सेरोटोनिन हे रसायन येतं, त्यामुळे ट्विचिन नावाच्या प्रथिनात बदल होतो आणि मग पकड सुटते. म्हणजे तिथे सैल होण्यासाठी वेगळा सिग्नलच लागतो. आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले साधे स्नायूही पद्धत वेगळी असली तरी असंच कमी खर्चात दीर्घकाळ धरून राहतात, त्यांच्यात ट्रोपोनिन नसतंच. त्यांच्यावर वेगळा धागा काढावा लागेल, इथे कोंबत नाही.

निरभ्र
काढाच, वाट बघतो. या धाग्याची वाचनखूण साठवली आहे.